पान एक हजार बेचाळीस

धानाची कापणी झाली की अहिवारा गावाकडून येणाऱ्या वाऱ्याला कोरड्या पेंढ्याचा गोडसर वास असतो. त्यात स्टील प्लँटकडचा कोळशाचा वास मिसळला, की समजावं भिलाईत थंडी आली. बाजारात तिवऱ्याच्या भाजीचे ढीग लागतात, लोक ट्रंकेतून स्वेटर काढून उन्हात टाकतात, आणि ज्याला त्याला लहानपण आठवू लागतं. मला मात्र या दिवसांत उगाच कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. सात वर्षं हे असंच चाललं होतं. भांडण नेमकं कुणाशी आहे, ते यंदा कळलं.

मी नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. घरी मी आणि बाबा, दोघंच. आई मी कॉलेजात असताना गेली. दादा हैदराबादला नोकरीला गेला, तिकडचाच झाला, आणि आता सणाला त्याचा फोन येतो तेवढाच. बाबांच्या रिटायरमेंटपर्यंत आम्ही सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहायचो, आणि भिंतीपलीकडे राहायची वैशाली.

यंदा दिवाळीनंतर क्लासच्या कॉम्प्युटरवर जाहिरातींचा सुळसुळाट झाला. प्रश्नपत्रिका उघडली की आधी केस वाढवायचं तेल, मग जमिनीचे प्लॉट. त्या बंद करण्यासाठी ब्राउझरला काहीतरी जोडावं लागतं म्हणून मी ते शोधत होते. जाहिरातींचा बंदोबस्त झाला. पोरं यायला अजून वेळ होता. त्याच रकान्यात माझ्या बोटांनी ‘जपानी’ हा शब्द का टाईप केला, ते मला विचारू नका. मोडलेल्या हाताला सारखं चाचपून पाहावं, तसलीच ती सवय.

समोर यादीच उघडली. जपानी वाचण्याच्या शब्दकोशांची. पहिला जोडला, एक जपानी पान उघडलं आणि एका शब्दावर माउसचा बाण नेला. शब्दाशेजारी एक लहानसा चौकोन उघडला. त्यात उच्चार, त्यात अर्थ. बाण हलवला, चौकोन मिटला, पुढच्या शब्दाचा उघडला. क्लिकसुद्धा करावं लागलं नाही.

मी खुर्चीत नीट बसले. मग दुसरा जोडून पाहिला. त्यात शिफ्टची कळ दाबून धरली तरच चौकोन उघडायचा, म्हणजे वाचताना उगाच मध्ये मध्ये लुडबुड नाही. तिसरा जरा नखरेल होता. त्याला शब्दकोश आपणच आणून द्यावे लागायचे, पण एकदा दिले की क्रियापदाचं कोणतंही रूप असो, त्याचं मूळ शोधून पुढ्यात ठेवायचा. मी एका जपानी पोलाद-गावाच्या नगरपालिकेची सूचना वाचली. ओला कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी. जुनी भांडी महिन्यातून एकदा. पूर्ण पान वाचलं आणि वर घड्याळ पाहिलं, तर अकरा मिनिटं झाली होती. सात वर्षांपूर्वी एवढ्याच पानाला मला दोन संध्याकाळी लागल्या असत्या. कचऱ्याची सूचना वाचून डोळ्यांत पाणी आलेली मी पहिलीच असेन.

जपानी आमच्याकडे आली कुठून, ते सांगायला हवं. आम्ही शाळेत असताना सेक्टरच्या विहारात जपानहून दोन भिक्खू आले होते. त्यातल्या धाकट्याने आम्हा पोरींची नावं आपल्या लिपीत कागदावर लिहून दिली. मनीषा आणि वैशाली, दोघींची शेजारी शेजारी. बाकीच्यांनी ते कागद हरवले. आम्ही दोघींनी ते पुस्तकांत जपले, आणि कॉलेज संपल्यावर रायपूरहून एक जाडजूड जपानी-इंग्रजी शब्दकोश आणून अभ्यासच सुरू केला. पुढे हौसेचं काम पोटाचं झालं. पुण्यातल्या एका कंपनीने दोघींची मुलाखत घेतली आणि सांगितलं, डिसेंबरची तिसऱ्या पातळीची परीक्षा पास व्हा, दोघींनाही जागा आहे. भाषांतराचं काम, पुढे जपानलाही पाठवू. भिलाईबाहेर आपल्या पायावर उभं राहायचा मला मिळालेला तो एकच दरवाजा होता. तो हिवाळा या परीक्षेचा.

जपानीत चित्रांसारखी अक्षरं असतात, त्यांना कांजी म्हणतात. कांजीचा उच्चार माहीत नसेल तर ती कोशात शोधायची कशी? रेघा मोजून. लोखंडाचं अक्षर, ‘तेत्सु’, तेरा रेघांचं. मी पहिल्यांदा मोजल्या त्या बारा भरल्या. मग बारा रेघांच्या सगळ्या अक्षरांतून बोट फिरवत बसले, आणि लोखंडाच्या गावात जन्मून मला लोखंड सापडेना. असा एकेक शब्द पाच-पाच मिनिटं खायचा.

शब्दकोश एक आणि घरं दोन. म्हणून आम्ही आमच्या वडिलांची पद्धत उचलली. बाबा आणि वैशालीचे वडील, मेश्राम काका, दोघेही प्लँटमध्ये एकाच गॅस लाइनवर होते, पण उलट्या शिफ्टला. एकाची ड्युटी संपली की दुसरा त्याचा रिलीव्हर. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि आपल्या आठ तासांत जे जे घडलं ते लॉगबुकात लिहून सही केल्याशिवाय घरी जायचं नाही. कुठला व्हॉल्व्ह बंद आहे, कुठे दाब वाढतोय, सगळं. बाबा आम्हाला सांगायचे की त्या वहीत कुणी खोटं लिहीत नाही, कारण पुढचा माणूस त्या वहीच्या भरवशावर आत शिरतो. घरी भाजीला किती पैसे लागले यावर बाबा आईशी बिनधास्त खोटं बोलायचे. लॉगबुकाचं नाव निघालं की आवाज बदलायचा.

तर आमचंही रजिस्टर. कोश तीन दिवस तिच्याकडे, तीन दिवस माझ्याकडे. जिच्याकडे कोश तिने सापडलेले शब्द लिहायचे. शब्द, उच्चार, अर्थ, कोशातलं पान, आणि खाली सही. दुसरीने ते पाठ करून पुढे चालू करायचं. पानाचा आकडा हा माझा आग्रह. गणितवालीला पुरावा लागतो. गंमत अशी की तो पुरावा मी कधी एकदाही तपासला नाही. सही असलेली वही तपासायची, हे आमच्या दोन्ही घरांत कुणाच्या मनात आलं नसतं.

त्या हिवाळ्यातलं मला ऊन आठवतं. क्वार्टरच्या मागच्या अंगणात खाट टाकलेली, वर पेरूचं झाड, आमच्याकडे त्याला बिही म्हणतात. मांडीवर कोश, हाताला बिहीचा वास, तो पानांना लागायचा. पलीकडून मेश्राम काकूंच्या फोडणीचा आवाज. प्लँटचा भोंगा झाला की सायकली आणि स्कूटरी घरी परतायच्या, आणि संध्याकाळी भट्ट्यांच्या उजेडाने आकाशाची एक बाजू तांबूस व्हायची. पाहुणे विचारायचे, आग लागली का? आम्हाला त्यात काहीच वाटायचं नाही.

आणि आठवतं ते मागे पडणं. सुरुवातीला दोघी तीन दिवसांत साठ-सत्तर शब्द लिहायचो. नोव्हेंबर लागला आणि वैशालीची पानं भरभरून यायला लागली. दीडशे. दोनशे. एकदा अडीचशे. मी जीव तोडून ऐंशी. ती उताऱ्यांमागून उतारे वाचून टाकत होती, आणि मी अजून रेघा मोजत होते. मी तिला विचारलंही, कसं करतेस गं? ती म्हणाली, आता हात बसला. मी पहाटे उठायला लागले. क्लासच्या शिकवण्या सोडल्या. बोट झरझर चालावं म्हणून कोशाच्या कडांना रंगीत कागद चिकटवले. आकडा ऐंशीच्या वर जाईना. हुशार म्हणून मिरवलेल्या मुलीला आपण मठ्ठ आहोत हे पंचविसाव्या वर्षी कळलं, की ते फार लागतं. दहावीत तिला गणित मी शिकवलं होतं, हे मी त्या दिवसांत रोज स्वतःला सांगायचे. सांगून काही उपयोग व्हायचा नाही.

परीक्षेला पुण्याला दोघी एकाच गाडीने गेलो. वाचनाच्या पेपरात माझे शेवटचे दोन उतारे तसेच राहिले. निकाल लागला. वैशाली पास झाली, मी थोडक्यात राहिले. थोडक्यात राहणं फार वाईट. कंपनीने तिला बोलावलं, आणि दोन वर्षांनी ती नागोयाला गेली. मला बाबा स्कूटरवर बसवून सिव्हिक सेंटरला घेऊन गेले, जिलेबी खाऊ घातली आणि म्हणाले, “सगळ्याईच्या डोक्यात सगळं नाई बसत, मनू. तुझं डोकं गणिताचं आहे. भाषा तुझं काम नाई.” त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला त्या वाक्याचा केवढा आधार वाटला होता! मी परत परीक्षेला बसले नाही. कोश आणि रजिस्टर ट्रंकेत टाकलं. नंतर स्थळं आली, ती काही ना काही कारणाने गेली, आणि मी बाबांबरोबर नेहरू नगरला राहायला आले.

आता पुन्हा यंदाच्या थंडीकडे येते. कचऱ्याची सूचना वाचली त्या दिवसापासून मी रोज क्लासला अर्धा तास आधी जायला लागले. भोपळ्याच्या भाजीची कृती वाचली. एका म्हाताऱ्याने आपल्या मांजरीबद्दल लिहिलेलं वाचलं. विसरलेले शब्द परत यायला लागले. चौकोन उघडायच्या आधीच अर्थ आठवायचा, आणि मी चौकोनाला म्हणायचे, थांब, सांगू नकोस. आठवड्याभराने हौस म्हणून ट्रंकेतून जुनं रजिस्टर काढलं. म्हटलं, पाहू तरी, तेव्हा काय काय लिहिलं होतं.

वैशालीच्या नोव्हेंबरच्या पानांवर मी थबकले. तिने लिहिलेले अर्थ मला ओळखीचे वाटले. एकेका शब्दाचे चार चार इंग्रजी अर्थ, विशिष्ट क्रमाने. हा क्रम मी कालच कुठेतरी पाहिला होता. रजिस्टर क्लासला नेलं, कॉम्प्युटर लावला, बाण फिरवला. चौकोनातले अर्थ आणि रजिस्टरातले अर्थ, तोच क्रम, तेच शब्द. मग घरी येऊन कोश काढला. तिने आकडा दिलेल्या पानांवर ते शब्द नव्हतेच. एकही नाही. एका शब्दापुढे पान लिहिलं होतं एक हजार बेचाळीस. आमचा कोश नऊशे शहाऐंशी पानांचा आहे.

खाली तिची सही होती. वळणदार, नेहमीसारखी.

त्या दुपारी मी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही. कपाटाचं दार आपटलं ते निखळलं. ज्या मुलीबरोबर मी डबा, शाल, आईच्या जाण्याचं दुःख, सगळं वाटून घेतलं, तिने माझ्यापासून ही एवढी एक गोष्ट लपवली. हा चौकोन तिला तेव्हाच सापडला होता, तिच्या भावाच्या लॅपटॉपवर, भिंतीपलीकडेच. मी तिथे जाऊन तिच्याशेजारी बसले असते. जागा तर दोघींना होती! माझ्या पास होण्याने तिचं काय जाणार होतं? तिने मला रेघा मोजत ठेवलं आणि वर आकडे बनवून लिहिले. एकेक आकडा विचार करून, बेताने. खोटं बोलायलासुद्धा एवढी मेहनत! कोशातून शब्दच शोधले असते तर त्याहून कमी मेहनत लागली असती.

दोन दिवस थांबून फोन लावला. ‘कशी आहेस’ वगैरे मी विचारलं नाही. आपल्या डिक्शनरीला पानं किती होती, एवढंच विचारलं.   तिने विचारलं की मला कसं कळलं. म्हणजे नाकारण्याचं नाव नाही. मी जे बोलायचं ते सगळं बोलले, आणि मी बोलायला लागले की मागे हटत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “मनू, ज्या दिवशी ते सापडलं ना, मी लॅपटॉप उचलून तशीच तुह्या घरी आली होती. तू दळण आणायले गेली होती. काका होते घरी.”

बाबांना ती काका म्हणते. मी म्हटलं, मग?

“मी काकाले दाखवलं. काकानं पाहिलं, आन् म्हणले, मनूले सांगू नको. पोरगा गेलाच, आता हेबी जाईन, मी एकटा कसा राहू? माह्याकडून वचन घेतलं.”

“आन् तू देलं?”

“काका रडून राहिले होते, मनू. मी कधी तुह्या बाबाले रडताना पाहलं नव्हतं.”

खोटी पानं का, तर रकाना रिकामा दिसला असता तर मी विचारलं असतं म्हणून. पुढे का सांगितलं नाही, तर पास झाल्यावर तोंड उरलं नाही म्हणून. तिला रडू यायला लागलं. मला तिचं रडणं ऐकायचं नव्हतं. मी फोन ठेवला. तिला मी माफ केलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते. दिलेलं वचन मोडून भिंतीवर एक थाप मारली असती, तरी मला ऐकू आलं असतं. पण तिचा राग मला आता नीट करताही येईना. तो हातातून सुटून दुसरीकडेच जात होता.

बाबांनी पासष्टी ओलांडली आहे. सकाळी व्हरांड्यात ऊन येतं तिथे खुर्ची टाकून बसतात. मी क्लासला निघायच्या आत भाजी निवडून देणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं काम. त्या दिवशी वाटाणे सोलत होते. मी समोरच्या पायरीवर बसले आणि सरळ विचारलं, वैशालीने तुम्हाला लॅपटॉपवर काही दाखवलं होतं का?

वाटलं होतं, विचारतील कधी, केव्हा, कशाबद्दल. सात वर्षं झाली होती, वयही झालंय. पण ते लगेच म्हणाले, “दाखवलं होतं. अक्षरावर बाण नेला का डबा उघडे. चांगली चीज होती.”

त्यांचे हात थांबले नाहीत. वाटाणे ताटात पडत राहिले.  मग त्यांनीच पुढे सांगितलं, माझ्याकडे न पाहता.

“मले पाहताच समजलं. तू याच्यानं नक्की पास होशीन.”

मला वाटतं, वैशालीने लपवलं हे मी कधीतरी गिळलं असतं. बाबांनी लपवायला लावलं, तेही कदाचित. एकटेपणाला माणूस किती भितो हे मलाही आता ठाऊक आहे. पण या माणसाला माझ्यावर विश्वास होता. पक्का, माझ्यापेक्षा जास्त. मी पास होणार हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी ते अडवलं. आणि तेच माहीत असताना दोन-तीन महिन्यांनी मला समोर बसवून, जिलेबी पुढे करून सांगितलं, की भाषा तुझं काम नाही. मी ते खरं मानलं. सात वर्षं. कुठलाही नवा फॉर्म, नवं पुस्तक, नवं माणूस समोर आलं की आधी ते वाक्य आठवायचं आणि मी मागे सरकायचे. कदाचित तो चौकोन मिळूनही मी नापासच झाले असते. झाले असते तर झाले असते.

हे सगळं मला त्यांना ऐकवायचं होतं. मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे.  पण शेवटी मी एवढंच म्हणाले, की परत जपानी सुरू केली आहे, पुढच्या परीक्षेचा फॉर्म निघाला की भरणार आहे. “पास झाली त जाईन, बाबा.”

आता हात थांबले. एक शेंग अर्धी उघडलेली, तशीच. त्यांनी वर पाहिलं. चष्म्यामागचे डोळे म्हाताऱ्या माणसाचे, मला ओळखीचे, रोज मीच ज्यांत ड्रॉप घालते ते.

“आन् मी?” ते म्हणाले.

एवढंच विचारायचं होतं त्यांना. तेव्हाही एवढंच विचारायचं होतं. त्या हिवाळ्यात मी दळण घेऊन घरी आले, डबा खाली ठेवला, त्यांच्यासाठी चहा टाकला. ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. तेव्हा त्यांनी हे विचारलं असतं, तर मी राहिले असते.